लाकडी कोंबड्याचे जलरंगचित्र : मंदीच्या काळात एका देशाने आपली खेळणी कशी नोंदवून ठेवली

१/ पांढरा कागद. मधोमध एक लाकडी कोंबडा. मागे अंगण नाही, भिंत नाही, क्षितिजही नाही. तुऱ्याचा तांबडा रंग टोकांशी झिजलेला, पंखांवर चाकूचे बारीक घाव, पायथ्याशी रंगाचा पोपडा निघून उघडे पडलेले लाकूड. पाहणाऱ्याला क्षणभर ते छायाचित्रच वाटते. प्रत्यक्षात ते जलरंगात काढलेले चित्र असते आणि ते काढणाऱ्या चित्रकाराला त्यासाठी सरकारने पगार दिलेला असतो.

२/ अशा जातीची १८,००० हून अधिक चित्रे आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. गोधड्या, खुर्च्या, मातीची भांडी, वाऱ्याची दिशा दाखवणारे पत्र्याचे पक्षी, जहाजांच्या नाळेवरच्या मूर्ती, बाहुल्या, डुलते घोडे, कोरीव प्राणी. या संग्रहाचे नाव ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. ही सूची कशी जन्मली, तिने काय वाचवले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले, याविषयीचा हा धागा.

३/ प्रारंभ कोंबडा घडवणाऱ्या हातापासून करू. या सूचीत ज्याच्या कोरीव पक्ष्यांची चित्रे आहेत, असा एक कारागीर म्हणजे विल्हेल्म शिमेल. जन्म १८१७, मूळचा जर्मनीचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सुमारास तो पेनसिल्व्हेनियाच्या कंबरलँड खोऱ्यात येऊन पोहोचला. त्याला ना घर होते ना शेत. कार्लाइल गावाच्या पंचक्रोशीत तो या शेतावरून त्या शेतावर भटकत असे.

४/ शेतकरी त्याला जेवण देत, निजायला कोठारात जागा देत. त्या बदल्यात शिमेल खिशातला चाकू काढी आणि पाइनच्या मऊ लाकडातून गरुड, कोंबडा, पोपट किंवा कुत्रा कोरून देई. त्यावर पांढऱ्या लेपाचा पातळ थर आणि वर घराला लावायचा उरलासुरला रंग. गुत्त्यात पेल्याची किंमतही तो अशाच पक्ष्याने चुकती करी. त्याची कितीतरी पाखरे त्या भागातील मुलांच्या हाती खेळणी म्हणून गेली.

५/ ऑगस्ट १८९० मध्ये शिमेल निराधारांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात मरण पावला. स्थानिक वृत्तपत्राने त्याची दखल मोजक्या ओळींत घेतली : तुरुंग आणि आश्रयगृहे यांत दिवस काढणारा, मऊ लाकडात प्राणी कोरून चार पैशांना विकणारा म्हातारा. आज त्याच पक्ष्यांवर लिलावात हजारो डॉलरांची बोली लागते. त्याला गावाने बेवारसांच्या दफनभूमीत पुरले.

६/ तरीही शिमेल भाग्यवान म्हणायचा, कारण त्याचे नाव उरले. हाताने घडवलेल्या बहुतेक खेळण्यांचा कर्ता कोण, हे कोणालाच ठाऊक नसते. आजोबाने नातीसाठी कोरलेल्या बाहुलीवर आजोबा सही करीत नाहीत. शिवाय खेळण्याचा एक स्वभावच असा की ते जितके आवडते ठरेल तितके लवकर मोडते. जी खेळणी टिकतात, ती पुष्कळदा फारशी न खेळलेली असतात. खेळण्यांचा इतिहास लिहिताना ही अडचण सदैव आड येते.

७/ विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत अमेरिकेच्या संग्रहालयांना असल्या वस्तूंत रस नव्हता. १९२० च्या दशकात काही आधुनिक चित्रकार आणि संग्राहक जुन्या बाजारांतून लाकडी पक्षी, पाट्या, अनामिक व्यक्तिचित्रे गोळा करू लागले. १९३० ते १९३२ या काळात न्यूअर्क संग्रहालयात लोकचित्रे आणि लोकशिल्पे यांची दोन प्रदर्शने भरली. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘सामान्य माणसाची कला’ म्हणून या वस्तू आपल्या दालनांत मांडल्या.

८/ या तिन्ही प्रदर्शनांमागे एकच माणूस होता, होल्गर केहिल. त्याचा जन्म १८८७ चा, आइसलँडमधला. तो बालपणीच आईवडिलांबरोबर उत्तर अमेरिकेत आला आणि घर मोडल्यामुळे लहान वयातच कष्टाला लागला. जन्मनाव टाकून त्याने नवे नाव घेतले. कारखान्यात न शिकलेले, शाळेत न शिकलेले हात सुंदर काही घडवू शकतात, हे त्याला पटवून द्यावे लागले नाही. तो अशाच माणसांत वाढला होता.

९/ तेवढ्यात महामंदी कोसळली. १९३३ साली अमेरिकेतील काम करू शकणाऱ्या लोकसंख्येपैकी सुमारे एक चतुर्थांश बेकार होती. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने रोजगार देण्यासाठी वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन उभारले. रस्ते, पूल, शाळा यांच्या जोडीला कलावंतांसाठीही एक शाखा निघाली, ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’. चित्रकारांना सरकारी पगार कशाला, या प्रश्नावर योजनेचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचे उत्तर अगदी सरळ होते : इतरांप्रमाणे त्यांनाही पोट आहे.

१०/ कलाशाखेचे संचालकपद केहिलकडे आले. त्याच्यापुढे एक पेच होता. प्रतिभावान चित्रकारांना भिंतीचित्रे देता येत होती. पण जाहिरातींसाठी, सूचिपत्रांसाठी, मासिकांसाठी चित्रे काढून उदरनिर्वाह करणाऱ्या शेकडो जणांचे काय? त्यांचा हात अचूक होता, नजर तयार होती, मात्र स्वतंत्र कल्पनाचित्र हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांच्या कौशल्याला साजेसे काम हवे होते.

११/ ते काम एका ग्रंथालयाच्या टेबलावर तयार होते. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या चित्रसंग्रहाच्या प्रमुख रोमाना जाविट्झ यांच्याकडे रोज नाट्यनेपथ्यकार, वस्त्रकल्पक, जाहिरातकार येत. जुन्या फ्रेंच पोशाखाचे चित्र मागितले तर जाडजूड ग्रंथ समोर येत. पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्याची पेटी किंवा न्यू इंग्लंडमधील मुलाचे खेळणे मागितले, तर दाखवायला काही नसे. आपल्याच घरातील वस्तूंचे चित्र आपल्याकडे नाही, ही उणीव जाविट्झ यांना सलत होती.

१२/ ही खंत त्यांनी रुथ रीव्ह्ज यांच्यापाशी बोलून दाखवली. रीव्ह्ज या वस्त्रकल्पक. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या, पॅरिसमध्ये फेर्नां लेजे यांच्याकडे शिकलेल्या. दोघींच्या चर्चेतून योजना आकाराला आली : देशभरातील जुन्या कलावस्तूंची रंगीत चित्रे काढून घ्यायची, त्यांचे संच ग्रंथालयांना आणि शाळांना द्यायचे. रीव्ह्ज यांनी ही कल्पना १९३५ मध्ये कलाशाखेकडे नेली आणि त्याच या सूचीच्या पहिल्या राष्ट्रीय पर्यवेक्षक झाल्या. रीव्ह्ज यांचे नाव ध्यानात ठेवा. धाग्याच्या अखेरीस त्या पुन्हा भेटतील, आणि तेही आपल्या देशात.

१३/ पुढे काम तीसहून अधिक राज्यांत पसरले. लोकविनोद आणि लोकसंस्कृती यांच्या अभ्यासक कॉन्स्टन्स रुर्क संपादक म्हणून आल्या. अमेरिकेला स्वतःची कलापरंपरा नाही, सारे काही युरोपातून उसने आणलेले आहे, हा समज त्यांना मान्य नव्हता. परंपरा शोधायची तर ती राजवाड्यात सापडणार नाही, स्वयंपाकघरात, कोठारात आणि मुलांच्या पेटाऱ्यात सापडेल, अशी त्यांची धारणा होती. खेळण्यांना या सूचीत मानाचे पान मिळाले, त्यामागे ही धारणा होती.

१४/ आता स्वाभाविक प्रश्न : सरळ छायाचित्रे का घेतली नाहीत? एक तर रंगीत छायाचित्रण तेव्हा बाल्यावस्थेत होते. कोडॅक्रोम फिल्म बाजारात आली ती १९३५ मध्येच; ती महाग होती आणि छपाईत रंग हुबेहूब उतरण्याची खात्री नव्हती. दुसरे कारण अधिक खरे. या योजनेचा हेतूच माणसांना काम देण्याचा होता. कॅमेऱ्याने एका दुपारी उरकले असते, त्याला चित्रकाराचे कित्येक दिवस लागत. आणि तेवढे दिवस त्याच्या घरी चूल पेटत असे.

१५/ पण नुसते हुबेहूब काढणे सोपे नव्हते. चित्रकारांना शिकवण्यासाठी जी पद्धत आली, तिचे मूळ थेट इजिप्तमध्ये होते. जोसेफ लिंडन स्मिथ हे अमेरिकन चित्रकार तेथील उत्खननांतील शिल्पे आणि भित्तिचित्रे अचूक रंगवण्यासाठी प्रसिद्ध होते. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील इजिप्त विभागात काम करणाऱ्या सुझान चॅपमन यांनी ते तंत्र आत्मसात केले होते. त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील चित्रकारांना ते शिकवले आणि त्याचा आदर्श इतर राज्यांपुढे ठेवला गेला. फॅरोंच्या थडग्यांसाठी घडलेली नजर आता शेतकऱ्याच्या मुलाच्या बाहुलीवर स्थिरावली.

१६/ लाकडी खेळणे कसे रंगवायचे? वस्तू एकटी मांडायची, मागे काही नाही. प्रकाश एका बाजूने, मंद. गडद सावली टाळायची, कारण तिच्यात बारकावे बुडतात. आधी पेन्सिलीने मोजून बाह्यरेषा. मग पाण्यासारखे पातळ रंगाचे थर, एक सुकल्यावर दुसरा. अखेरीस जवळजवळ कोरड्या कुंचल्याने लाकडाचे रेषे, रंगातल्या भेगा, चाकू जिथे घसरला ती जागा. कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. चूक झाली तर जलरंग ती लपवू देत नाही.

१७/ यात एक मार्मिक गोष्ट आहे. झिजलेला रंग ‘दुरुस्त’ करून, खेळणे नवे कोरे असताना कसे दिसले असेल असे काढणे या चित्रकारांना सहज जमले असते. पण सूचीतील उत्तम चित्रांत झीज तशीच येते. बाहुलीच्या गालावरचा उडालेला रंग, घोड्याच्या पाठीवरचा गुळगुळीत पट्टा, तुटलेला कान. या खुणा कारागिराच्या नाहीत. त्या खेळणाऱ्या मुलाच्या आहेत. म्हणजे एका चित्रात तीन माणसे असतात : घडवणारा, खेळणारा आणि रंगवणारा. तिघांपैकी पहिल्या दोघांची नावे बहुधा कोठेच नाहीत.

१८/ प्रत्येक चित्राबरोबर एक माहितीपत्रक भरले जाई. वस्तू कोणती, मापे काय, साहित्य कोणते, कोणत्या भागातली, अंदाजे कोणत्या काळातली, सध्या कोणाकडे आहे. खेळण्यांच्या पत्रकात कर्त्याचे नाव पुष्कळदा मिळत नसे. मालकाचे नाव मात्र हमखास सापडे. हा फरक एखाद्या कारकुनाच्या हलगर्जीपणामुळे पडलेला नव्हता. वस्तू कोणाची, हे समाज लक्षात ठेवतो आणि कोणी केली, हे विसरतो.

१९/ रंगवणाऱ्यांची परिस्थितीही विसरू नये. न्यूयॉर्कमध्ये कलाशाखेतील चित्रकाराला आठवड्याला सुमारे २३ डॉलर मिळत. बहुतेकांना आधी आपण निराधार आहोत, हे सरकारदरबारी सिद्ध करावे लागे. काँग्रेसने निधी कापला की नोकरी गेली. शिमेल पक्षी कोरून जेवण मिळवत होता. पन्नासएक वर्षांनी तसाच पक्षी रंगवून दुसरा कोणी आपले जेवण मिळवत होता. चित्रातला नि चित्राबाहेरचा कलावंत, दोघांचेही पोट त्या कोंबड्यावर चालले.

२०/ आता या सूचीची काळी बाजू. अमेरिकेच्या कलापरंपरेचा शोध घेणाऱ्या या योजनेने त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची कला धोरण म्हणून वगळली. सबब अशी की आदिवासी जमातींच्या वस्तूंची नोंद मानववंशशास्त्रज्ञ करीतच आहेत. होपी किंवा झुनी घरांत मुलींना दिल्या जाणाऱ्या कोरीव काचिना प्रतिमा त्यामुळे या सूचीच्या कक्षेबाहेर राहिल्या. युरोपातून आलेल्या शेतकऱ्याने कोरलेले लाकूड ‘अमेरिकन कला’ ठरले आणि तिथेच पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने कोरलेले लाकूड शास्त्रज्ञांचा नमुना ठरले.

२१/ कृष्णवर्णीय कारागिरांचा वाटाही फार थोडा नोंदला गेला. दक्षिणेतील अनेक राज्यांत काम तोकडे झाले आणि गुलामीत घडवलेल्या वस्तू बहुधा मालकाच्या घराण्याच्या नावाने ओळखल्या जात. नैऋत्येकडील स्पॅनिश वारशाच्या काष्ठमूर्तींना जागा मिळाली, ती तेथील अभ्यासकांच्या आस्थेमुळे. यावरून दिसते की कोणतीही सूची तयार होण्याआधीच एक निवाडा झालेला असतो : ‘आपले’ कोण. कुंचला कितीही प्रामाणिक असला तरी तो निवाडा त्याला बदलता येत नाही.

२२/ मूळ हेतूही पुरा झाला नाही. ही चित्रे छापून गावोगावच्या ग्रंथालयांत पोहोचवायची होती. पैशांअभावी ते राहून गेले. मग दुसरे महायुद्ध आले आणि १९४३ पर्यंत सारी योजना गुंडाळली गेली. कलाशाखेतील कितीतरी तैलचित्रे न्यूयॉर्कजवळच्या सरकारी गोदामातून भंगार म्हणून वजनावर विकली गेली. जलरंगाच्या या सूचीला तो प्रसंग आला नाही. ती प्रथम मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि नंतर नॅशनल गॅलरीत गेली. तिच्यावरचा पहिला मोठा ग्रंथ निघाला १९५० मध्ये, अर्विन क्रिस्टेन्सन यांचा.

२३/ आणि आता रुथ रीव्ह्ज. सूचीचे पर्यवेक्षकपद त्यांनी लवकरच सोडले होते. १९५६ मध्ये त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या आणि येथेच रमल्या. त्या वेळी अखिल भारतीय हस्तकला मंडळ नुकतेच उभे राहिले होते आणि कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्षा होत्या. रीव्ह्ज यांनी मंडळासाठी काम केले, मेण वितळवून धातू ओतण्याच्या आपल्या कारागिरांच्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. ते १९६२ मध्ये दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियमने प्रसिद्ध केले. १९६६ मध्ये दिल्लीतच त्यांचे निधन झाले.

२४/ अमेरिकेत रीव्ह्ज यांनी ज्या वस्तू शोधल्या, त्यांचे कर्ते कधीच मरून गेले होते. भारतात भट्टीपुढे बसलेला माणूस समोर होता. त्याला प्रश्न विचारता येत होता. त्याच काळात १९६१ च्या जनगणनेने, अशोक मित्र यांच्या देखरेखीखाली, ठिकठिकाणच्या हस्तकलांची पाहणी केली. तिच्यात वस्तूबरोबर हत्यारे, कच्चा माल, घरातील माणसे, मिळकत यांचीही नोंद झाली. तेवढ्याने कारागिराची गरिबी हटली नाही. पण ‘कोणी केले’ हा रकाना निदान कोरा राहिला नाही.

२५/ आता स्वतःच्या घरात डोकावू. आपल्याकडची ठकी आठवा : लाकडाच्या एका तुकड्यातून कोरलेली, हातपाय अंगाला चिकटलेले, डोळे वटारलेले, भडक रंगाची. कितीतरी आज्यापणज्या तिच्याशी भातुकली खेळल्या. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे आणि खेळणी अजूनही मुलांच्या हाती जातात. आपल्या माळ्यावरची ठकी कोणत्या गावच्या सुताराने कोरली, हे सांगू शकणारे माणूस घरात आज असेल. उद्या असेलच असे नाही.

२६/ त्या अठरा हजार चित्रांची मला वाटणारी थोरवी त्यांच्या हुबेहूबपणात नाही. एका बुडत्या काळात एका समाजाने मुलाच्या खेळण्याकडे आठवडाभर टक लावून पाहण्यासाठी पैसे मोजले, ही ती थोरवी. आणि त्यांची उणीवही तेथेच आहे : इतके बारकाईने पाहिले, तरी कोणाकडे पाहायचे हे आधीच ठरले होते. आज ही चित्रे महाजालावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. जरूर पाहा. पाहताना चित्राखालील ओळही वाचा आणि तिच्यात कोणते नाव नाही, ते शोधा.

२७/ शेवटी एक विनंती. घरात हाताने केलेले एखादे जुने खेळणे असेल, तर आज ते खाली काढा. चित्र काढता येत असेल तर काढा, नाहीतर मोबाइलने छायाचित्र घ्या. मग घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा : हे कोणी केले, कोणत्या गावी, कोणासाठी? उत्तर चित्रामागे शाईने लिहून ठेवा. विल्हेल्म शिमेलच्या वाट्याला मेल्यानंतर वृत्तपत्राच्या चार ओळी आल्या. आपल्या सुताराच्या वाट्याला निदान एक येऊ द्या.